मिठावरच्या दोन स्वाऱ्या

दिवस पहिला : कॅरी ते मॅरियन

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरीहून साडेसातला निघायचं ठरलं होतं, गाडी हलली तेव्हा नऊ वाजून गेले होते. आधी बाबांचा चहा, मग त्यांचा चष्मा, मग बांधून ठेवलेल्या दशम्या ओट्यावरच राहिल्या म्हणून कोपऱ्यावरून परत. बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. नायगारा दाखवून झाला ("पाणी भरपूर आहे"), न्यूयॉर्क झालं ("गर्दी आपल्यासारखीच"), वॉशिंग्टनला उन्हात चालून त्यांचे गुडघे धरले. मग एका संध्याकाळी मी सहज म्हटलं, इथून चार तासांवर व्हर्जिनियाच्या डोंगरात सॉल्टविल नावाचं गाव आहे आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५, उत्तर विरुद्ध फुटून निघालेली दक्षिण) तिथल्या मिठासाठी दोन लढाया झाल्या. बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. त्यांचं लहानपण भाईंदरला मिठागरांच्या काठाने गेलेलं, आजोबा एका शिलोत्र्याकडे, म्हणजे मिठागराच्या मालकाकडे, हिशेब लिहायचे. "डोंगरात मीठ?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि सहल ठरली.

विन्स्टन-सेलम, माउंट एअरी असं करत नॉर्थ कॅरोलिना संपली की फॅन्सी गॅपचा घाट लागतो. वर धुकं होतं. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे धरून चढलो. बायको गाडी चालवत होती आणि मी मागे बसून नकाशा बघत होतो, म्हणजे प्रत्यक्षात दशम्या संपवत होतो.

घाट चढल्यावर थोड्याच अंतरावर न्यू नदीच्या काठी एक चौकोनी दगडी मनोरा उभा आहे, शॉट टॉवर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. उंची ७५ फूट आणि खाली जमिनीत तेवढीच खोल विहीर. वर शिसं वितळवायचं, चाळणीतून ओतायचं, दीडशे फूट पडताना त्याचे थेंब गोल होतात आणि तळाच्या पाण्यात छर्रे बनून थंड होतात. बाबा मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे बुंदी पाडतात तसं," म्हणाले. इतकं नेमकं मला पाटीवरचा मजकूर दोनदा वाचूनही सुचलं नव्हतं.

यादवी युद्धाच्या काळात हा मनोरा वापरात नव्हता, पण ज्या शिशासाठी तो बांधला त्याच्या खाणी जवळच ऑस्टिनविलला होत्या आणि त्या जोरात चालू होत्या. दक्षिणेच्या बंदुकांतल्या गोळ्यांचं शिसं मोठ्या प्रमाणात इथून जायचं. उरलेलं सगळं दोन तासांच्या टापूत: मीठ सॉल्टविलचं, आणि हे दोन्ही दक्षिणेच्या राजधानीकडे, रिचमंडकडे वाहून नेणारी व्हर्जिनिया-टेनेसी रेल्वे. डोंगरातल्या या चिंचोळ्या पट्ट्यात गोळी, मीठ आणि आगगाडी असं तिन्ही एका ओळीत होतं. उत्तरेच्या सेनापतींना ते नकाशावर दिसत नसतं तरच नवल. वाटेत डोंगर मात्र होते.

"पानिपतावर तरी दुसरं काय झालं?" बाबा म्हणाले. "रसद तुटली. मग सगळं तुटलं."

विथविलजवळ एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे आंतरराज्य ७७ आणि ८१ हे दोन महामार्ग काही मैल एकाच रस्त्यावरून जातात, पण उलट्या नावांनी. एकाच वेळी तुम्ही ७७ वर उत्तरेकडे आणि ८१ वर दक्षिणेकडे जात असता. बाबांना हे पटवायचा मी प्रयत्न केला. गाडी प्रत्यक्षात पश्चिमेला चालली होती, हे त्यांनी सूर्याकडे बोट दाखवून सांगितलं.

मुक्काम मॅरियनला. मोटेलचे मालक गुजराती. कुठे निघालात, कशाला, असं चौकशीत निघालंच. "मीठ बघायला अमेरिकेत आलात, काका? मग कच्छ काय वाईट होतं?" बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोघांचं एक तास हिंदीत चाललं होतं.

दिवस दुसरा : कढया

चिलहॉवीवरून १०७ नंबरचा रस्ता डोंगर ओलांडून सॉल्टविलला उतरतो. अर्ध्या वाटेत फोनचं नेटवर्क गेलं. त्याची गरजही पडली नाही, कारण रस्ता एकच. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मेपल पेटायला नुकते लागलेले. उतार संपता संपता एकदम सपाट, ओलसर दरी येते. मधे तळी, त्यांत बदकं, काठाने गवत. आजूबाजूच्या डोंगरांशी त्या सपाटीचं काही नातं नाही असं वाटतं. बाबा म्हणाले, "खाजण!"

खाजण नव्हे, पण चूकही नव्हे. या दरीच्या पोटात मिठाचे थर आहेत. जमिनीखालचं पाणी त्यांना लागून इतकं खारट होतं की जनावरं हजारो वर्षं ते चाटायला येत. गावातल्या म्युझियम ऑफ द मिडल अ‍ॅपलाचियन्समध्ये त्यांची हाडं आहेत: मॅमथ, मस्टोडॉन, मस्क ऑक्स. मीठ चाटायला आले आणि चिखलात रुतले. बायकोला हाच भाग सगळ्यात आवडला. मी युद्धाच्या दालनात गेलो, ती आणि बाबा हत्तीच्या दातांपाशी.

आमच्या पिढीला मिठाची किंमत कळणं अवघडच आहे. पंचाहत्तर सेंटचा डबा, महिनोन् महिने पुरतो. पण शीतपेटी नसलेल्या जगात मीठ म्हणजे मांस. डुक्कर मारायचं ते थंडीत, खारवायचं, आणि ते वर्षभर सैन्याला आणि घराला पुरवायचं. मीठ नाही तर बेकन नाही, बेकन नाही तर शिधा नाही. कातडं कमवायला मीठ, घोड्याखेचरांना चाटायला मीठ. युद्धापूर्वी दक्षिणेकडे हे मीठ बरंचसं बाहेरून यायचं. कापूस न्यायला येणारी इंग्लंडची जहाजं पोटात भार म्हणून लिव्हरपूलचं मीठ भरून आणायची. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने बंदरं अडवली आणि तो भार यायचा थांबला. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी उकळणाऱ्या भट्ट्या निघाल्या, त्या आरमार येऊन फोडून जायचं. लुइझियानातल्या एव्हरी बेटावर १८६२ मध्ये दगडी मीठ सापडलं, वर्षभरात तेही उत्तरेच्या हाती गेलं. घरोघर बायका मांस धुरावायच्या खोपटातली जमीन खणू लागल्या. वर्षानुवर्षं टांगलेल्या मांसातून ठिबकलेलं मीठ त्या मातीत मुरलेलं असे. माती पाण्यात कालवायची, गाळायची, उकळायची.

उरलं सॉल्टविल. ज्या राज्यांकडे मीठ नव्हतं त्यांनी इथे आपापले अधिकारी बसवले, भट्ट्या घेतल्या. मालकी स्टुअर्ट, बुकॅनन आणि कंपनीकडे होती. त्यातले विल्यम स्टुअर्ट हे दक्षिणेचे नामांकित घोडदळ-सेनापती जेब स्टुअर्ट यांचे थोरले बंधू. १८६४ च्या सुमारास इथे ३८ भट्ट्या आणि २६०० कढया होत्या आणि वर्षाला सुमारे ४० लाख बुशेल मीठ निघत होतं. एक बुशेल ५० पौंडांचं, म्हणजे ९० हजार टन धरा.

गावात सॉल्ट पार्क म्हणून छोटी बाग आहे, तिथे भट्टी कशी असायची ते मांडून दाखवलंय. विहिरीतून खारं पाणी वर खेचायचं, लाकडी नळ्यांतून भट्टीकडे न्यायचं. भट्टी म्हणजे एक लांबलचक दगडी चर, एका टोकाला जाळ, दुसऱ्या टोकाला धुराडं, आणि चरावर दोन रांगांत बसवलेल्या बिडाच्या कढया. पाणी उकळून आटलं की तळाला मीठ. ते उपसून टोपल्यांत निथळत ठेवायचं.

बाबा कढईजवळ गेले. अर्धगोल, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही अशी. काठ चांगला अंगठ्याएवढा जाड, बाहेरून गंजाचे पापुद्रे सुटलेले, आत पावसाचं पाणी आणि दोन पानं. त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज बद्द आला. मग आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. बायको ओरडली, "बाबा, अहो काय करताय!"

"गोडं आहे," बाबा म्हणाले. जरा हिरमुसलेच.

मग बाकावर बसून हिशेब सुरू झाला. आपल्याकडे मिठाला फुकटचं ऊन, फुकटचा वारा. इथे प्रत्येक चिमटीमागे लाकूड. "किती झाडं तोडली असतील रे?" या दरीच्या भोवतालचे डोंगर तेव्हा बोडके झाले होते. आणि लाकूड तोडणारे, जाळ घालणारे, उकळत्या कढयांवर वाकून मीठ उपसणारे हात पुष्कळसे गुलामांचे, मालकाकडून वर्षाच्या भाड्याने आणलेले. हे मी सांगितल्यावर बाबा काही बोलले नाहीत. भाईंदरच्या उन्हात अनवाणी मीठ ओढणाऱ्यांच्या पायांना काय होतं ते त्यांनी पाहिलेलं आहे, पण ती माणसं संध्याकाळी घरी जात.

दिवस तिसरा : चेस्टनट रिज आणि एमरी

आजचा दिवस लढाईचा. बायको म्हणाली, मी गाडीत पुस्तक वाचते. दहा मिनिटांत तीही वर आली.

२ ऑक्टोबर १८६४, रविवार. केंटकीतून जनरल स्टीफन बरब्रिज सुमारे ५ हजार स्वार घेऊन आला. क्लिंच पर्वताची वाट अरुंद, दक्षिणेच्या तुकड्या आदल्या दिवसापासून झाडाआडून त्यांना अडवत होत्या. तो जितका उशिरा पोहोचला, तितका वेळ सॉल्टविलला माणसं गोळा करायला मिळाला. तरी बचाव करणारे २८०० च्या आसपासच, त्यात राखीव दलातली पोरं आणि म्हातारे. पण टेकड्या त्यांच्या ताब्यात. गावच्या एलिझाबेथ दफनभूमीपाशी उभं राहिलं की कळतं: खाली होल्स्टन नदीचा उत्तर फाटा, अलीकडे उभा कडा. पाण्यातून येणारा माणूस वरून सगळा दिसतो. मला तर गडाच्या माचीवर उभं राहिल्यासारखंच वाटलं.

बरब्रिजच्या फौजेत पाचव्या काळ्या घोडदळ पलटणीतले चारेकशे जण होते. नावाला पलटण, कारण अजून तिची रीतसर उभारणीही पुरी झाली नव्हती. केंटकी हे उत्तरेच्या बाजूला राहिलेलं राज्य, पण गुलामगिरी तिथे कायद्याने चालूच होती. सैन्यात नाव घातलं की सुटका. यातले बहुतेक जण काही आठवड्यांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. घोडे दिले ते शिकवलेले नव्हते. बंदुका दिल्या त्या पायदळाच्या लांब एन्फिल्ड, ज्या घोड्यावर बसून भरताच येत नाहीत. वाटेत त्यांच्याच बाजूचे गोरे शिपाई त्यांच्या टोप्या उडवत, शिव्या देत, घोडे चोरत. ही तक्रार दक्षिणेची नव्हे. त्यांच्याबरोबर असलेल्या कर्नल ब्रिसबिनने आपल्या अहवालात हे लिहून ठेवलं आहे.

त्या दिवशी घोडे मागे बांधून ते मिशिगन आणि ओहायोच्या स्वारांबरोबर चेस्टनट रिजवर पायी चढले आणि वरचे मोर्चे घेतले. संध्याकाळपर्यंत टिकले. ब्रिसबिनच्या आकड्यांप्रमाणे चारशेतले ११४ शिपाई आणि ४ अधिकारी पडले किंवा जखमी झाले. परतीच्या वाटेवर टोप्या उडवणारे गप्प होते, असंही तो लिहितो.

पण बाकीच्या बाजूंना नदी काही ओलांडता आली नाही. दारूगोळा संपत आला. रात्री बरब्रिजने शेकोट्या पेटत्या ठेवून काढता पाय घेतला. चालू न शकणारे जखमी तिथेच राहिले. मिठागर इतक्या जवळ येऊनही एकही कढई फुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर पुन्हा गोळ्यांचे आवाज येऊ लागले. लढाई पुन्हा जुंपली असं खाली काहींना वाटलं. ती लढाई नव्हती. दक्षिणेचे शिपाई आणि चॅम्प फर्ग्युसनसारखे बंडखोर टोळीवाले जखमी काळ्या सैनिकांना एकेक करून मारत होते. किती मारले यावर इतिहासकारांचा वाद आहे, कुणी डझनभर म्हणतात, कुणी पन्नासच्या घरात. दक्षिणेचा जनरल ब्रेकिनरिज, जो युद्धापूर्वी अमेरिकेचा उपाध्यक्ष होता, हे कळल्यावर संतापला. जनरल फेलिक्स रॉबर्टसन याचं नाव त्यात घेतलं गेलं आणि त्याच्यावर खटला भरावा असं दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचंही म्हणणं पडलं. खटला झाला नाही. रॉबर्टसन १९२८ पर्यंत जगला, दक्षिणेच्या जनरलांत सगळ्यात शेवटी गेला.

हे सगळं मी बाबांना उतारावर उभा राहून सांगत होतो. समोर कुंपणाच्या आत गाई चरत होत्या. कुरण छाटलेलं, स्वच्छ, पोस्टकार्डावर असतं तसं. बाबांनी विचारलं, "त्यांची नावं कुठे लिहिलीत?" गावात लढाईचे फलक आहेत, मी म्हटलं. "लढाईचे नाही. त्यांची."

मी विषय बदलला.

दुपारी एमरीला गेलो. तिथलं एमरी अँड हेन्री कॉलेज १८३६ चं. आता विद्यापीठ झालंय. युद्धात वर्ग बंद होते, मुख्य इमारतीत रुग्णालय. सॉल्टविलचे दोन्ही बाजूंचे जखमी तिथे आणले. लढाईला आठवडाही झाला नव्हता तेव्हा फर्ग्युसन तिथे पोहोचला आणि तेराव्या केंटकी घोडदळाचा लेफ्टनंट एल्झा स्मिथ याला त्याने खाटेवरच गोळी घातली. जुनं वैर होतं. पुढे नॅशव्हिलला खटला झाला आणि २० ऑक्टोबर १८६५ ला फर्ग्युसन फासावर गेला. आम्ही गेलो तेव्हा हिरवळीवर पोरं फ्रिस्बी खेळत होती. एका मुलीने आम्हाला कॅफेटेरियाचा रस्ता दाखवला. कॉफी पातळ होती पण गरम, आणि तिघांनाही तेवढीच हवी होती.

दिवस चौथा : हातोडे, आणि परत

सकाळी ॲबिंग्डनला चक्कर मारली. तिथलं बार्टर थिएटर १९३३ मध्ये, मंदीच्या दिवसांत सुरू झालं. तिकीट ४० सेंट, नाहीतर तेवढ्या किमतीचा भाजीपाला. बाबांच्या मते नाटकवाल्यांना कांदे-बटाटे देणं आपल्याकडेही चालू करायला हरकत नाही.

ॲबिंग्डन, मॅरियन, विथविल हा जुन्या ११ नंबरच्या रस्त्याचा टापू म्हणजेच दुसऱ्या स्वारीची वाट. डिसेंबर १८६४. या वेळी प्रमुख जॉर्ज स्टोनमन. हा गृहस्थ त्याच उन्हाळ्यात जॉर्जियात शत्रूच्या हाती सापडून, अदलाबदलीत सुटून आला होता. डाग धुवायची घाई होती. १० डिसेंबरला नॉक्सव्हिलहून निघाला. बरब्रिज बरोबर होताच, आणि काळ्या घोडदळाच्या पलटणीही. ऑक्टोबरची चूक स्टोनमनने केली नाही. थेट सॉल्टविलवर न जाता तो आगगाडीच्या रुळांवरून पूर्वेला सरकत गेला. किंग्जपोर्ट, ब्रिस्टल, ॲबिंग्डन. पूल जाळले, गोदामं जाळली. एक तुकडी पुढे जाऊन ऑस्टिनविलची शिशाची खाण मोडून आली. मॅरियनला १७ आणि १८ तारखेला ब्रेकिनरिजने कडवी लढत दिली. नदीवरच्या झाकल्या पुलापाशी उत्तरेचे काही शिपाई पुलाखालीच अडकून पडले होते. पण ब्रेकिनरिजकडच्या गोळ्या संपल्या. शिशाचा डोंगर शेजारी असताना. तो मागे हटला आणि सॉल्टविल उघडं पडलं. २० तारखेच्या रात्री पाऊस, चिखल आणि थोडीशी गोळीबारी, की आत.

मग २१ ला हातोडे. बीड ठिसूळ, घणाचा एक घाव बसला की कढईला तडा जातो. भट्ट्या ढासळवल्या, छपरं पेटवली. मिठाच्या विहिरींत रेल्वेचे रूळ, तोफगोळे, खिळे, हाती लागेल ते लोखंड टाकलं.

"विहीर अशी मरत नाही," बाबा म्हणाले. आम्ही तेव्हा सॉल्ट ट्रेलवर होतो. सॉल्टविल ते ग्लेड स्प्रिंग ही मिठाची जुनी रेल्वे-फाट्याची वाट आता चालायला केलेली आहे. जेमतेम मैलभर गेलो असू, बाबांच्या गुडघ्यांच्या वेगाने. "वरून काहीही टाका. खालून पाणी येतंच."

बरोबर होतं त्यांचं. सगळ्या कढया फोडून होईपर्यंत थांबायला स्टोनमनला वेळ नव्हता. विहिरी उपसल्या, भट्ट्या सारवल्या आणि काही आठवड्यांत मीठ पुन्हा निघू लागलं. रेल्वेचं नुकसान त्याहून जड गेलं, कारण मीठ निघालं तरी जायचं कशावरून? एप्रिलमध्ये युद्धच संपलं. स्टोनमन पुढे कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. जेब स्टुअर्ट लढाईत गेल्यावर त्यांची विधवा फ्लोरा दिराच्या आधाराने सॉल्टविललाच येऊन राहिली, तिने इथे मुलांना शिकवलं. आणि मिठाच्या जोरावर गावात १८९० च्या दशकात रसायनांचा मोठा कारखाना आला. तो १९७२ पर्यंत चालला, मग बंद पडला. मागे नदीत पारा राहिला.

परतताना होल्स्टनच्या काठी गाडी थांबवली. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, बाबांच्याच वयाचा. आम्ही बघत असताना त्याला मासा लागला, हातभर. त्याने तो पाण्याच्या वरच धरला, गळ सोडवला, आम्हाला दाखवला आणि परत सोडून दिला.

"खात का नाही, विचार," बाबा म्हणाले.

विचारलं. त्याने नदीकाठच्या पाटीकडे हनुवटीने खूण केली: इथले मासे खाऊ नयेत. मग बाबांकडे बघून म्हणाला की त्याचे वडील कारखान्यात होते, लहानपणी घरी हेच मासे तळायचे.

मी भाषांतर केलं. बाबांनी मान हलवली, काठावर त्याच्या शेजारच्या दगडावर बसले आणि पुढच्या माशाची वाट बघू लागले. निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. फॅन्सी गॅपचा घाट अंधारात उतरावा लागला.